मच्छरदाणी नेमकी कोणासाठी?

मागच्या पावसाळ्यात, ऐन रिलीजच्या आठवड्यात, मला डेंग्यू झाला. वॉर्डात सिस्टरांनी भरदिवसा माझ्या पलंगाला मच्छरदाणी लावली. मी म्हटलं, "सिस्टर, मला तर चावून झालाय डास!" त्या हसल्या. "दादा, ही तुमच्यासाठी नाही, बाजूच्या पेशंटसाठी आहे. आता तुम्हाला चावलेला डास उद्या त्यांना चावेल."

हे पहिल्यांदा कळलं कसं? शोधत शोधत मी पोचलो क्युबाच्या हवाना शहरात, 1900 सालात. तिथे पीतज्वराची दहशत होती. ताप, पिवळे पडलेले डोळे, काळी उलटी. रोग्याच्या कपड्यांतून, अंथरुणातून तो पसरतो असं बहुतेक डॉक्टर मानत. कार्लोस फिनले या क्युबन डॉक्टरांनी 1881 मध्येच डासावर बोट ठेवलं होतं, पण फार कुणी मनावर घेतलं नाही.

मग वॉल्टर रीड यांच्या टीमने सरळ टेस्टच घेतली. काही निरोगी माणसं रोग्यांच्या घाणेरड्या अंथरुणात 20 रात्री झोपली. एकही आजारी पडला नाही. रोग्याला चावलेले डास ज्यांना चावले, त्यांच्यातले मात्र तापाने फणफणले. म्हणजे इतकी वर्षं आपण चुकीच्याच फाईलमध्ये बग शोधत होतो!

तेव्हापासून शुश्रूषेचा अर्थच बदलला. रोग्याला हात लावायची भीती गेली आणि जाळी रोग्याभोवती आली.

याच हवानात क्लारा मास ही अमेरिकन नर्स काम करत होती. त्याआधी मनिलात सैनिकांची सेवा करताना तिला डेंग्यू होऊन गेला होता. 1901 मध्ये तिने प्रयोगासाठी स्वतःला डास चावून घेतले. मोबदला होता 100 डॉलर. जूनमध्ये हलका ताप आला, ती बरी झाली. प्रतिकारशक्ती आली का, हे बघायला 14 ऑगस्टला तिला पुन्हा डास चावू दिले. 24 ऑगस्टला ती गेली. वय फक्त 25. माझ्याहूनही लहान. त्यानंतर माणसांवरचे ते प्रयोग थांबले.

आज पीतज्वरावर लस आहे. पण पीतज्वर काय, डेंग्यू काय, विषाणूलाच मारणारं खास औषध अजून नाही. रोगी तरतो तो बऱ्याच अंशी देखभालीवर. सिस्टर दर थोड्या वेळाने विचारायच्या, "पाणी किती प्यायलात? लघवी किती झाली?" मला लाज वाटायची. ताप उतरला तसा मी म्हटलं, "घरी सोडा आता." त्या म्हणाल्या, "खरं लक्ष आताच ठेवायचं असतं." बरोबरच होतं. डेंग्यूत ताप उतरतानाच रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपू शकतो आणि बीपी कोसळू शकतं. पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, ही धोक्याची घंटा. आणि अंगदुखीसाठी अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन मनानेच घ्यायचं नाही, रक्तस्राव वाढू शकतो.

डिस्चार्जच्या दिवशी मी सिस्टरांना क्लाराची गोष्ट सांगितली. त्या क्षणभर थांबल्या, माझी मच्छरदाणी काढली आणि शेजारच्या नव्या पेशंटच्या पलंगाला बांधायला लागल्या.

भेटू पुढच्या भागात. कुंड्यांखालच्या ताटल्यांत पाणी साचलंय का, तेवढं आज बघा.