देज, हुंडा आणि कलम ४९८-अ : वाशीम परिसरातील छळाच्या खटल्यांचा इतिहास

वऱ्हाडातील अनेक शेतकरी आणि कष्टकरी जातींमध्ये हुंडा ही जुनी रीत नव्हे. लग्न ठरले की वरपक्ष मुलीच्या बापाला देज देई. मानोरा तालुक्यातील पोहरादेवी ज्यांचे मोठे तीर्थ आहे, त्या बंजारा समाजातही देणे वराच्या बाजूने होते. हुंडा आधी वरच्या जातींत होता. शिक्षण आणि पगारी नोकरीबरोबर तो इतरांकडे पसरला. नोकरीतल्या मुलाचा आणि ओलिताच्या शेताचा भाव सोयरिकीच्या बैठकीत ठरू लागला, देज मागे पडला. बैठकीत ठरलेली रक्कम दिल्यावरही मागणी थांबत नसे, आणि न्यायालयात पोहोचलेला बहुतेक छळ या लग्नानंतरच्या मागणीतून आलेला आहे.

हुंडा प्रतिबंधक कायदा १ जुलै १९६१ पासून लागू झाला. त्याने हुंडा घेणाऱ्याबरोबर देणाऱ्यालाही गुन्हेगार ठरवले. मुलीचा बाप तक्रार करायला गेला तर स्वतःच्या गुन्ह्याची कबुली देऊन बसे. शिवाय गुन्हा अदखलपात्र होता आणि वर्षाच्या आत फिर्याद करणे बंधनकारक होते. असा कायदा कागदावरच राहिला, यात नवल नाही. सासरी होणारी मारहाण साध्या दुखापतीच्या कलमात बसवली जाई. ठाण्यात एन.सी. (अदखलपात्र नोंद) लिहून घेत आणि बाईला परत नांदायला पाठवत.

हे बदलायला मोठा क्षोभ लागला. गडचिरोलीजवळच्या देसाईगंज पोलीस ठाण्यातील मथुरा बलात्कार प्रकरणाचा पोलिसांना निर्दोष सोडणारा निकाल १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात लागला आणि पुढच्या दोन वर्षांत देशभर स्त्री संघटना रस्त्यावर आल्या. १९८२ च्या जूनमध्ये पुण्यात मंजुश्री सारडा या नवविवाहितेचा विषबाधेने मृत्यू झाला. सत्र न्यायालयाने पतीला फाशीची शिक्षा सुनावली, उच्च न्यायालयाने ती कायम केली. जुलै १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले. परिस्थितीजन्य पुराव्याच्या ज्या पाच कसोट्या त्या निकालात मांडल्या गेल्या, त्या आजही जवळपास प्रत्येक खून खटल्यात उद्धृत होतात. चार भिंतींआड झालेला मृत्यू सिद्ध करणे किती अवघड असते, हे या खटल्याने महाराष्ट्राला दाखवले.

दरम्यान संसदेने पाऊल उचलले होते. २५ डिसेंबर १९८३ पासून भारतीय दंड संहितेत कलम ४९८-अ आले : पती किंवा त्याच्या नातेवाइकांनी केलेल्या क्रूरतेला तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. क्रूरतेची व्याख्या दुहेरी होती. स्त्रीला आत्महत्येकडे लोटील किंवा तिच्या शरीर-मनाला गंभीर इजा करील असे वर्तन ही एक बाजू. पैसा किंवा मालमत्तेच्या बेकायदा मागणीसाठी छळ ही दुसरी. १९ नोव्हेंबर १९८६ पासून कलम ३०४-ब ने हुंडाबळी हा स्वतंत्र गुन्हा केला. लग्नापासून सात वर्षांच्या आत अनैसर्गिक मृत्यू आणि मृत्यूच्या जरा आधी हुंड्यासाठी छळ सिद्ध झाला, की न्यायालय सासरच्यांविरुद्ध गृहीतक धरते.

त्या काळात वाशीम हा अकोला जिल्ह्याचा भाग होता. पोलीस अधीक्षकांकडे दाद मागायची तर अकोल्याला जावे लागे. १ जुलै १९९८ रोजी वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा या सहा तालुक्यांचा वेगळा जिल्हा झाला. पण दुसरे अंतर कायम होते. जिल्हा लहान, चहूबाजूंनी अकोला, अमरावती, यवतमाळ, हिंगोली, बुलढाणा. त्यामुळे माहेर एका जिल्ह्यात आणि सासर दुसऱ्यात, हे नेहमीचेच. छळ सासरी झाला तर खटला सासरच्या न्यायालयात चालावा, असा युक्तिवाद होई आणि हाकलून दिलेल्या बाईला त्याच गावाच्या फेऱ्या माराव्या लागत. सर्वोच्च न्यायालयाच्या ९ एप्रिल २०१९ च्या रूपाली देवी निकालाने हा प्रश्न सुटला : आसऱ्यासाठी स्त्री जिथे परतते, तिथल्या न्यायालयातही खटला चालू शकतो. या कलमाच्या इतिहासात खेड्यातल्या स्त्रीला याहून उपयोगी निकाल क्वचितच आला असेल.

पुराव्याचा प्रश्न त्याहून कठीण. ४९८-अ प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यापुढे चालतो, ३०४-ब सत्र न्यायालयात. दोन्हीकडे साक्षीला येतात ते आईवडील, भाऊ, मामा. सासरचा शेजार बोलत नाही. समझोता झाला की साक्षीदार फितूर होतात. जळीत प्रकरणांत मृत्यूपूर्व जबाबावर सारे अवलंबून असते. तो नोंदवताना डॉक्टरांचे प्रमाणपत्र नसले तरी केवळ तेवढ्याने तो बाद होत नाही, असे घटनापीठाने २००२ मध्ये महाराष्ट्रातल्याच लक्ष्मण खटल्यात ठरवले.

मागणीला काय म्हणायचे, यावरही खटले पडले. आप्पासाहेब विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सासरच्यांनी घरखर्च आणि खतासाठी पैसे मागितले होते. जानेवारी २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, हा हुंडा नव्हे. ३०४-ब खालची शिक्षा रद्द झाली. कोरडवाहू मुलखाला हा अर्थ जाचक होता. सोयाबीन-तुरीच्या गावात सासरचा माणूस ‘हुंडा’ असे म्हणतच नाही. तो खत, बोअर, बैलजोडी, मोटारसायकल किंवा प्लॉटसाठी माहेरून पैसे आणायला सांगतो. २०१५ मध्ये राजिंदर सिंग खटल्यात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो संकुचित अर्थ नाकारला, हे योग्यच झाले.

१५ ऑगस्ट २००७ पासून तंटामुक्त गाव मोहिमेने गावांना बक्षीस देऊन कौटुंबिक भांडणे गावातच मिटवायला उत्तेजन दिले. किरकोळ वादांत त्याचा फायदा झाला, पण जिवाला धोका असलेल्या बाईवर गावाच्या बक्षिसासाठी गप्प बसण्याचा दबाव येणे न्याय्य नव्हते. केंद्राच्या कायद्यात ४९८-अ तडजोडपात्र नव्हते; त्यामुळे समझोत्यानंतरही गुन्हा रद्द करून घ्यायला नागपूर खंडपीठ गाठावे लागे. दूरच्या नणंदा-दिरांची नावे मोघमपणे फिर्यादीत घालण्याची तक्रारही खरी होती. सर्वोच्च न्यायालयाच्या २ जुलै २०१४ च्या अर्नेश कुमार निकालाने सरसकट अटकेला आळा घातला. अटकेआधी तक्रारी तपासण्यासाठी २०१७ मध्ये नेमायला सांगितलेल्या कुटुंब कल्याण समित्या मात्र सर्वोच्च न्यायालयानेच १४ सप्टेंबर २०१८ रोजी मागे घेतल्या.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ४९८-अ ची जागा कलम ८५ व ८६ ने आणि ३०४-ब ची जागा कलम ८० ने घेतली आहे. शिक्षा तीच आहे; त्या तारखेआधीच्या घटनांचे खटले जुन्याच कलमांखाली चालतात.