उनकेश्वर: आजीच्या आठवणीतला आदिलाबाद जिल्हा

आज आपण गरम पाण्याच्या झऱ्यावर चाललोय. शिरड शहापूरहून सकाळी निघालो. वसमत, नांदेड, भोकर, हिमायतनगर करत किनवट तालुक्यातलं उनकेश्वर गाठायचं. गाडी माझ्याकडं, गाण्यांचा ताबा आईकडं आणि मागच्या सीटवर ऐंशीची आजी.

भोकर मागं पडल्यावर आजी म्हणाली, "म्या ल्हान असताना आलते, तवा हे आदिलाबाद जिल्ह्यात होतं." मी म्हटलं, आजे, आदिलाबाद तिकडं तेलंगणात. मग सहज मोबाईल काढला आणि गप्प बसलो. आजीचं बरोबर होतं!

1 नोव्हेंबर 1956 ला भाषावार राज्यं झाली, हैदराबाद राज्य मोडलं. तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यातला किनवट तालुका मुंबई राज्यात आला आणि नांदेडला जोडला गेला. आमचं शिरड तेव्हा परभणीत, हिंगोली जिल्हा तर 1999 चा. पैनगंगेपलीकडचं यवतमाळ त्या वेळी मध्य प्रदेशात, त्याआधी इंग्रजांच्या वऱ्हाडात. नदी एकच, पण दोन काठांवर दोन सरकारं.

सरकारं बदलली तरी लोक झऱ्यावर येतच राहिले. गावात कथा सांगतात ती शरभंग ऋषींची: त्यांच्या अंगावरचा रोग जावा म्हणून रामानं जमिनीत बाण मारला आणि गरम पाणी उसळलं. आजीला लहानपणी इसब होता, म्हणून तिच्या वडिलांनी तिला इथं आणलं होतं.

आता बाणाऐवजी माझ्या पद्धतीनं बघू. इथं ज्वालामुखी नाही. दख्खनचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच थंड झालाय. पावसाचं पाणी भेगांतून खोल जातं. दर किलोमीटरला जमीन साधारण 25 ते 30 अंशांनी तापते. झऱ्याचं पाणी चाळिशीच्या आसपास धरलं, तर ते किमान अर्धा किलोमीटर खाली जाऊन आलेलं असणार. वर येताना निवतं, म्हणजे खरं तर त्याहून खोल. थॉमस ओल्डहॅम यांनी भारतातल्या अशा जवळपास 300 झऱ्यांची यादी केली. ती 1882 मध्ये छापली गेली. उन्हवरे, वज्रेश्वरी, उनकेश्वर या सगळ्यांचं गणित थोड्याफार फरकानं असंच.

गाडी लावून आम्ही देवळाकडून कुंडापर्यंत चालत गेलो. आजी हळूहळू, माझ्या खांद्याला धरून. हवेत गंधकाचा वास. मी विचारलं, "मग इसब गेला का तुझा?"

"कुठला जातोय! मलम लावते की रोज." मग जरा थांबून म्हणाली, "पण घरी कोणी माझ्या ताटाला शिवत नव्हतं. हितं समदे एकाच पाण्यात बसले होते."

आजीनं चप्पल काढली, पायरीवर बसली आणि पाय पाण्यात सोडले. मी रेकॉर्डिंग बंद केलं आणि शेजारी जाऊन बसलो.