बेसिकमधील ओळींचे फेरक्रमांकन

'बेसिक' या संगणकीय भाषेतील जुन्या प्रोग्राममध्ये प्रत्येक ओळीच्या आरंभी क्रमांक लिहावा लागत असे. मध्येच नव्या ओळी घालण्यास जागा उरली नाही, की सर्व ओळींना नव्याने क्रमांक द्यावे लागत. यालाच फेरक्रमांकन म्हणतात. वरवर कारकुनी वाटणारे हे काम चुकले, तर चांगला चालणारा प्रोग्राम बिघडत असे आणि चूक कोठे झाली याचा थांगपत्ताही लागत नसे.

क्रमांक कशासाठी?

जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्झ यांनी अमेरिकेतील डार्टमाउथ कॉलेजमध्ये १९६४ साली बेसिक तयार केली. विद्यार्थी कागदावर छपाई करणाऱ्या टेलिटाइप यंत्रावर काम करीत. छापून झालेल्या मजकुरात मागे जाऊन दुरुस्ती करणे शक्य नव्हते. क्रमांकांमुळे ही अडचण दूर झाली. २० क्रमांकाची ओळ पुन्हा टाइप केली, की जुनी जाऊन नवी तिची जागा घेई. ओळी कोणत्याही क्रमाने लिहिल्या, तरी संगणक त्या क्रमांकानुसार लावून घेई.

हाच क्रमांक ओळीचा पत्ताही होता. 'गोटू ४०' याचा अर्थ ४० क्रमांकाच्या ओळीकडे जा. 'गोसब ५००' याचा अर्थ ५०० पासूनचे काम पूर्ण करून परत ये. एकाच आकड्यावर क्रम आणि पत्ता अशी दुहेरी जबाबदारी आल्याने फेरक्रमांकन नाजूक ठरले.

धोका कोठे?

भविष्यातील भर लक्षात घेऊन प्रोग्राम लिहिणारे १०, २०, ३० असे क्रमांक देत. दोन ओळींमध्ये नऊ जागा मोकळ्या राहत. पण त्याही संपत.

समजा, प्रोग्राममध्ये १०, २०, २१, २२, ३० आणि ४० अशा सहा ओळी आहेत. २२ क्रमांकाच्या ओळीत 'अट पूर्ण झाल्यास ४० कडे जा' अशी आज्ञा आहे. फेरक्रमांकनानंतर ओळींना १० ते ६० हे क्रमांक मिळतात. जुनी २२ आता ४० होते आणि जुनी ४० आता ६० होते. आज्ञेतील ४० चे ६० केले नाही, तर ती ओळ स्वतःकडेच परत येत राहील. ४० क्रमांकाची ओळ अस्तित्वात असल्याने संगणक चूकही दाखवणार नाही.

म्हणूनच हे काम दोन टप्प्यांत करावे लागते. आधी जुन्या व नव्या क्रमांकांची जोडी लावायची आणि मग प्रत्येक आज्ञेतील पत्ता त्यानुसार बदलायचा.

रीनम आज्ञा

मायक्रोसॉफ्टच्या जीडब्ल्यू-बेसिकमध्ये यासाठी 'रीनम' ही आज्ञा होती. नुसते 'रीनम' लिहिल्यास दहापासून दहा-दहाच्या अंतराने क्रमांक पडत. 'रीनम १०००, ५००, २०' लिहिल्यास जुन्या ५०० पासूनच्या ओळींना १००० पासून वीसच्या अंतराने क्रमांक मिळत. अस्तित्वात नसलेल्या ओळीचा पत्ता आढळल्यास 'अनडिफाइन्ड लाइन' असा इशारा येई. मात्र टिपणीत 'ओळ ५०० पाहा' असे लिहिले असेल, तर ते तसेच राही.

ही सोय सर्वत्र नव्हती. १९८२ च्या कमोडोर ६४ आणि झेडएक्स स्पेक्ट्रम या संगणकांच्या मूळ बेसिकमध्ये ती आज्ञा नव्हती. स्पेक्ट्रमवर 'गोटू १०० गुणिले एन' असा गणिताने काढलेला पत्ताही चाले. तो प्रोग्राम चालतानाच ठरत असल्याने फेरक्रमांकन करणाऱ्या साधनाला बदलता येत नसे. बीबीसी मायक्रोवर मात्र 'रीनंबर' आज्ञा उपलब्ध होती. भारतात १९८४ मध्ये सुरू झालेल्या 'क्लास' या शालेय संगणक साक्षरता प्रकल्पात हेच संगणक वापरले गेले.

क्रमांकांची अखेर

१९८५ मध्ये आलेल्या क्विकबेसिकमध्ये ओळक्रमांक ऐच्छिक झाले. पत्त्यासाठी नावे वापरता येऊ लागली आणि ओळींचा क्रम पडद्यावरील मजकुरानेच ठरू लागला. १९९१ च्या एमएस-डॉस ५ मधील क्यूबेसिकसोबत तर जुन्या प्रोग्राममधील अनावश्यक क्रमांक काढून टाकणारा 'रेमलाइन' हा प्रोग्राम देण्यात आला. क्रम आणि पत्ता वेगळे झाले आणि फेरक्रमांकनाची गरजच संपली.