नाणे गेले, पाव उरला

नॉर्वेतील बर्गन शहरात दालचिनी-साखरेची गुंडाळी केलेल्या गोड पावाला ‘शिलिंग्सबोल्ले’ म्हणतात. शिलिंग हे तिथले जुने नाणे; १२० शिलिंगांचा एक स्पेसीडालर होई. १८७५ मध्ये क्रोन आले आणि शिलिंग व्यवहारातून गेले, पण पावाच्या नावात ते राहिले. आपणही ‘कवडीमोल’ म्हणतो, तेव्हा कवडी कुणाच्या खिशात असते?

घरची कृती साधी आहे. कोमट दूध, यीस्ट, लोणी, साखर, मैदा आणि जाडसर कुटलेला वेलदोडा एकत्र मळून फुगेपर्यंत झाकून ठेवतात. मग पोळी लाटून तिच्यावर लोणी, साखर, दालचिनी पसरतात, गुंडाळी करून काप पाडतात आणि ते पुन्हा फुगले की भट्टीत भाजतात.

या पावाला ‘पारंपरिक’ म्हणताना मात्र थोडे थांबायला हवे. वेलदोडा व्हायकिंगांनी कॉन्स्टँटिनोपलहून आणला, ही कथा आवडीने सांगितली जाते. तिला भक्कम पुरावा नाही. सामान्य घरातले रोजचे अन्न म्हणजे जव व ओट यांची लापशी आणि पातळ कोरडी भाकरी. १८०७ नंतर इंग्रजांच्या नाकेबंदीमुळे धान्य येईना, तेव्हा लोकांनी पिठात झाडाची साल मिसळली. इब्सेनच्या ‘तेर्ये विगेन’ (१८६२) या दीर्घकवितेचा नायक जवासाठी डेन्मार्कपर्यंत होडी वल्हवत जातो, तो याच काळात. अशा देशात मैदा, साखर आणि दूरदेशीचा मसाला ही चैनच होती.

हाना विन्स्नेस यांचे गृहव्यवस्थेवरील पुस्तक १८४५ मध्ये आले. पुढे १८६४ मध्ये लोककथांचे संग्राहक आस्ब्योर्नसेन यांनी टोपणनावाने पाकशास्त्रावर लिहिले आणि शिजलेल्या लापशीत शेवटी कच्चे पीठ घालण्याची शेतकरी बायकांची रीत नासाडीची ठरवली. समाजअभ्यासक आयलर्ट सुंट यांनी त्या बायकांची बाजू घेतली. हा वाद ‘लापशीचा झगडा’ म्हणून ओळखला जातो. लोकांच्या कथा जपणाऱ्याला लोकांची चूल समजून घ्यावीशी वाटली नाही, ही विसंगती आपल्याकडील लोकसाहित्याच्या अभ्यासकांनीही ध्यानात ठेवावी.

प्राचीनता सिद्ध झाली तरच वस्तूला मोल, हा आग्रह आपण सोडला पाहिजे. सालीची भाकरी खाल्लेल्या समाजात दोन-तीन पिढ्यांनी वेलदोड्याचा पाव एका नाण्याच्या नावाने ओळखला जाऊ लागला, हा इतिहास व्हायकिंगांच्या कथेहून कमी मोलाचा नाही.