मावळातल्या गायनपार्ट्या : जे ऐकलं ते लिहून ठेवू



भाज्याच्या लेण्यात एका विहाराच्या भिंतीवर कोरलेली एक बाई वाद्य वाजवते आहे आणि दुसरी तिच्या तालावर नाचते आहे. दोन हजार वर्षं झाली. सहलीला आलेले लोक फोटो काढून निघून जातात. आम्ही मावळवाले मात्र त्या बाईला आमच्या ढोलकीवाल्यांची थोरली बहीण समजतो. याला कुणी पुरावा मागू नये.

आपल्या वस्त्यांत वाचता येणारी माणसं बोटावर मोजण्याइतकी होती, त्या काळात चळवळ गावोगाव पोचली ती जलशातून. १९३०च्या दशकात नाशिककडच्या भीमराव कर्डक यांच्यासारख्या शाहिरांनी तमाशाचा साचा तोच ठेवला आणि आतला माल बदलला. गणाच्या जागी बाबासाहेबांना वंदन आलं. वगात मेलेलं ढोर ओढायची सक्ती आणि पाणवठ्यावरची बंदी आली. माणसं हसता हसता गप्प व्हायची. कर्डकांनी पुढे जलशांवर पुस्तक लिहिलं म्हणून ते आज माहीत आहेत. बाकीच्यांनी लिहिलं नाही.

१९५६च्या धम्मदीक्षेनंतर जलसा मागे पडत गेला आणि गायनपार्टी आली. पेटी, ढोलकी, बेंजो, मागे कोरस. मंचावर दोन पार्ट्या समोरासमोर, कव्वालीच्या ढंगात सवाल-जवाब, आणि उजाडेपर्यंत कुणी उठायचं नाही. आमच्या भागाला तर मोठं ठिकाण जवळच मिळालं. देहूरोडला २५ डिसेंबर १९५४ रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी स्वतः बुद्धमूर्तीची स्थापना केली, म्हणजे नागपूरच्या दीक्षेच्या जवळजवळ दोन वर्षं आधी. त्या तारखेला लोणावळा, मळवली, कामशेत, वडगाव, तळेगावची माणसं लोकलनं जायची, अजूनही जातात. भाकरी फडक्यात, पोरं खांद्यावर.

महाकवी वामनदादा कर्डकांना आम्ही ऐकलं ते त्यांच्या उतारवयात. १९२२ साली सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत जन्मलेला हा माणूस अक्षरं शिकला तो मोठेपणी, मुंबईत मजुरी करताना. आवाज गोड म्हणावा असा नव्हता, पण शब्द शेवटच्या रांगेतल्या म्हातारीलाही कळायचा. प्रल्हाद शिंदे यांच्या गळ्याची गोष्ट निराळी. ते सूर लावायचे आणि चहाच्या टपरीवरची माणसं मंडपात यायची. दोघंही २००४ साली गेले. विठ्ठल उमप २६ नोव्हेंबर २०१० रोजी नागपूरला दीक्षाभूमीच्या मंचावरच कोसळले. नंतर समाजानं मोठमोठे फलक लावले. हयातीत बिदागी देताना मात्र हात आखडायचा, हेही इतिहासातच लिहायला पाहिजे.

ही थोरांची गोष्ट झाली. आम्हाला खरं बोलायचं आहे ते आपल्या गावच्या गायकांबद्दल. कॅसेटवर गाणं एकच राहतं, मंचावर ते राहत नसे. जुना गायक गावात आला की आधी चहा घेता घेता विचारायचा, इथं येसकरकी पहिली कुणी नाकारली? गावकीनं बहिष्कार टाकला होता का? आणि रात्री त्या माणसाचं नाव कडव्यात! समोर त्याची म्हातारी बायको पदर डोळ्याला लावून बसलेली. महार वतनं कायद्यानं गेली १९५८च्या कायद्यानं, पण त्याआधी गावागावात ती कुणी लाथाडली हे सरकारी दप्तरात शोधून सापडायचं नाही. ते त्या कडव्यांत होतं. कडवं एका रात्रीपुरतं असायचं, आणि ऐकणारी माणसंही आता सरत आली.

सन २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहाला भोंगा बंद होतो. नियम चांगला आहे, आजाऱ्याला झोप पाहिजे. पण रात्रभराचा सामना दोन तासांत बसत नाही. मग कार्यकर्ते म्हणतात, डीजे स्वस्त पडतो. खरंच पडतो का, ते जमाखर्च मांडून बघावं!

वर्धापनदिनाला आम्ही भागातल्या दोन वयस्क गायकांना संध्याकाळी सहालाच बसवणार आहोत. पोरांनी मोबाईलवर सगळं टिपून घ्यायचं, मधलं बोलणंसुद्धा. ज्यांच्या घरी जुन्या वह्या, हँडबिलं, कॅसेटी पेटीत पडून आहेत त्यांनी रविवारी वंदनेला येताना घेऊन याव्यात. नक्कल करून लगेच परत देऊ.