विशेष मुलासाठी शाळा निवडताना काय पाहावं? कागल तालुक्यातल्या पालकांसाठी माहिती

कागल : पोरगं दोन वर्षांचं झालं तरी बोलत नाही. हाक मारली तर वळून बघत नाही. घरात आज्जी म्हणते, "ह्येचा बा बी उशिरानंच बोलला हुता." मग आणखी एक-दोन वर्षं निघून जातात. पहिलीत नाव घालायची वेळ येते तेव्हा कळतं की लेकराला ऐकूच येत नव्हतं. अशा वेळी पालकांचा पहिला प्रश्न असतो, "आता शाळा कुठली?" खरं तर त्याआधीही काही कामं असतात आणि ती वेळेत झाली तर शाळेचा निर्णय सोपा जातो.

आधी तपासणी, मग शाळा

मूल सहा महिन्यांचं होऊनही मान धरत नसेल, वर्षाचं होऊनही नावाने हाक मारल्यावर बघत नसेल, दीड वर्षात एकही शब्द बोलत नसेल किंवा दोन वर्षांत दोन शब्द जोडत नसेल तर वाट पाहू नये. अंगणवाडी सेविका किंवा आशाताईंना सांगावं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत तपासणीला येतं. २०१३ पासून सुरू असलेल्या या कार्यक्रमात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी मोफत होते. पुढची तपासणी लागली तर पथक मुलाला ग्रामीण रुग्णालयात किंवा कोल्हापूरच्या सीपीआरला पाठवतं. पथक आलं त्या दिवशी लेकरू घरी ठेवू नये. ऊसतोडीला आलेल्या कुटुंबांनीही जवळच्या अंगणवाडीत चौकशी करावी.

ऐकण्याच्या बाबतीत तर घाई हवीच. मेंदू भाषा शिकतो तो पहिल्या काही वर्षांत. श्रवणयंत्र किंवा कानाच्या ऑपरेशनचा (कॉक्लिअर इम्प्लांट) फायदा लहान वयातच जास्त होतो, आणि सरकारी मदतीलाही वयाची अट असते. 'पाच वर्षांचा झाला की बघू' म्हणणाऱ्या घराचं इथंच मोठं नुकसान होतं.

सहा वर्षांच्या आतल्या मुलाला अंगणवाडीतून काढू नये. दिव्यांग बालकांना अंगणवाडीत कसं सामावून घ्यायचं, यासाठी केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये कार्यपद्धतीही ठरवून दिली आहे.

कायदा काय म्हणतो

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये २१ प्रकारची दिव्यांगत्वं धरली आहेत. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त असेल तर ६ ते १८ वयोगटातल्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. म्हणजे गावातली शाळा की विशेष शाळा, हे पालकांनी ठरवायचं. 'आमच्याकडे असली मुलं घेत नाही' असं सरकारी किंवा मान्यताप्राप्त शाळेला म्हणता येत नाही. जे मूल फारच परावलंबी आहे, त्याला घरी राहून शिकण्याचाही हक्क आहे.

कुठल्या मुलाला कुठली शाळा

नीट बसणारं, सांगितलेलं समजणारं, पण पायाने अधू असलेलं मूल बहुतेक वेळा गावच्या जिल्हा परिषद शाळेत चांगलं शिकतं. त्याला रॅम्प, सोयीचं स्वच्छतागृह आणि जाण्या-येण्याची सोय लागते. कमी दिसणाऱ्या किंवा श्रवणयंत्राने बऱ्यापैकी ऐकणाऱ्या मुलाचंही तसंच. अशा मुलांसाठी पंचायत समितीच्या गटसाधन केंद्रातून विशेष शिक्षकाची मदत मिळते. मुख्याध्यापकांमार्फत मागणी करावी.

पूर्ण अंध मुलाला ब्रेल, काठी घेऊन चालणं आणि रोजची कामं शिकवणारं कुणीतरी लागतं. कर्णबधिर मुलाला खुणांची भाषा आणि बोलण्याचा सराव लागतो. बौद्धिक अक्षम किंवा स्वमग्न मुलाला जेवण, कपडे, शी-शूपासून पैसे ओळखण्यापर्यंत सगळं छोट्या छोट्या पायऱ्यांनी शिकवावं लागतं. अशा वेळी निदान सुरुवातीची काही वर्षं विशेष शाळा उपयोगी पडते. नंतर मूल साध्या शाळेत जाऊ शकतं. पहिला निर्णय कायमचा नसतो.

कोल्हापुरात काय आहे

बौद्धिक अक्षम मुलांसाठी शेंडा पार्क इथं चेतना अपंगमती विकास संस्था आहे. अंध मुलांसाठी मिरजकर तिकटीला ज्ञान प्रबोधन भवनची अंधशाळा आहे. शारीरिक दिव्यांग मुलांसाठी 'हेल्पर्स ऑफ द हॅण्डिकॅप्ड' ही संस्था काम करते. स्वतः व्हीलचेअरवर असलेल्या नसीमा हुरजूक यांनी सहकाऱ्यांसोबत १९८४ मध्ये ती सुरू केली. उंचगावच्या तिच्या शाळेत दिव्यांग आणि इतर मुलं एकत्र शिकतात, राहण्यासाठी 'घरौंदा' वसतिगृह आहे. याशिवायही जिल्ह्यात शाळा आहेत. मान्यताप्राप्त शाळांची यादी जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागात विचारावी.

शाळेत गेल्यावर काय बघायचं?

प्रवेशाआधी एकदा तरी भरत्या शाळेत, मुलाला घेऊन जावं. पुढचे प्रश्न सरळ विचारावेत :

• शाळेची मान्यता चालू आहे का? प्रमाणपत्र दाखवा म्हणण्यात लाजू नये.
• शिक्षकांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे (आरसीआय) नोंदणी आहे का, आणि कुठल्या प्रकारासाठी? कर्णबधिरांसाठी शिकलेला शिक्षक स्वमग्न मुलाला शिकवू शकेलच असं नाही.
• एका शिक्षकाकडे किती मुलं आहेत?
• माझ्या मुलासाठी वेगळा आराखडा करणार का? तीन-सहा महिन्यांनी प्रगती दाखवणार का?
• वाचा-उपचार आणि फिजिओथेरपीचे तज्ज्ञ किती वेळा येतात?
• बौद्धिक अक्षम मुलांच्या शाळेत 'दिशा' अभ्यासक्रम शिकवतात का?
• मुलाला फिट आली तर काय करता? जवळचा दवाखाना कुठला?

स्वच्छतागृह स्वतः बघावं. मुलं नुसती ओळीने बसवली आहेत की हातांनी काही करतायत, हेही बघावं. 'सहा महिन्यांत पूर्ण बरा करतो' असं कुणी म्हणालं तर तिथून उठावं. शाळा मुलाला शिकवते, जमेल तेवढं स्वावलंबी करते. तिथं रोग बरा होत नाही.

रोजचं जाणं की वसतिगृह?

कागलहून कोल्हापूर सुमारे २० किलोमीटर. एसटी, केएमटीने जाता येतं. पण मुरगूड, कापशी भागातून लहान मुलाला रोज नेणं-आणणं अवघड, आणि सोबत जाणाऱ्याचा रोजगार बुडतो. म्हणून बरेच जण निवासी शाळेचा विचार करतात. अनुदानित निवासी शाळेत राहणं-जेवण मोफत असतं.

पण जे मूल बोलू शकत नाही, ते आपल्यावर काय गुदरलं तेही सांगू शकत नाही. म्हणून रात्री मुलांजवळ कोण झोपतं, मुलींसाठी बाई काळजीवाहक आहे का, कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी झाली का, हे विचारावं. पालकांना कधीही भेटू देणारी शाळा निवडावी आणि न सांगता भेट द्यावी. अंगावर वळ, एकाएकी घाबरणं, अंथरुणात शू सुरू होणं दिसलं तर दुर्लक्ष करू नये. चाइल्डलाइनचा १०९८ नंबर मोफत आहे, २४ तास चालतो.

कागदपत्रं आणि सवलती

दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड ही पहिली किल्ली. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करायचा, मग ठरलेल्या सरकारी रुग्णालयात तपासणी होते. लहान मुलाला बऱ्याचदा ठरावीक मुदतीचं प्रमाणपत्र मिळतं, मुदत संपण्याआधी पुन्हा तपासणी करावी. हे कार्ड देशभर चालतं, म्हणजे निपाणीकडेही. सोबत जन्मदाखला, आधार, रहिवासी दाखला, फोटो आणि दवाखान्याचे सगळे कागद एकाच फाइलीत ठेवावेत.

कार्ड झालं की एसटीत दिव्यांगांना ७५ टक्के सवलत मिळते. नियमात बसत असेल तर संजय गांधी निराधार योजनेसाठी तहसील कार्यालयात अर्ज करता येतो. बौद्धिक अक्षम, स्वमग्न, सेरेब्रल पाल्सी आणि बहुविकलांग मुलांसाठी राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' आरोग्य विमा योजना आहे, तिचं संरक्षण एक लाख रुपयांपर्यंत असतं. शिवाय ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. तो कशावर खर्च झाला, हे ग्रामसभेत विचारायचा पालकांना हक्क आहे.

शाळा मिळाली म्हणजे काम संपलं नाही

शाळेत शिकवलेलं घरी रोज करून घेतलं नाही तर सुट्टीत सगळं विसरतं. हाताने जेवायला शिकलेल्या मुलाला घरी मायेपोटी कुणी भरवू नये. भावंडांना, शेजारच्या पोरांना त्याच्यासोबत खेळू द्यावं. जत्रेला, लग्नाला घेऊन जावं. पाहुणे आले की मुलाला आतल्या खोलीत ठेवणं आधी थांबलं, तर शाळेचा निम्मा उपयोग तिथंच सुरू होतो.