छपरावरील सौर संच : ग्रीड-जोडणीचे नियमन

घरांच्या छपरांवरील सौर पॅनेल आणि बॅटरी संच वीजवितरण जाळ्याशी जोडून चालवण्यासाठी घालून दिलेली तांत्रिक व आर्थिक नियमांची व्यवस्था. भारतात तिचा पाया विद्युत अधिनियम, २००३ हा आहे. जोडणीची तांत्रिक मानके केंद्रीय विद्युत प्राधिकरण ठरवते. मोजणी व हिशेबाचे नियम राज्यांचे नियामक आयोग करतात. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने नेट मीटरिंगचे (जाळ्याला दिलेली वीज घेतलेल्या विजेतून वजा करण्याच्या पद्धतीचे) पहिले विनियम २०१५ मध्ये काढले. त्यांची जागा २०१९ च्या विनियमांनी घेतली.

सर्वांत कळीची अट सुरक्षेची आहे. दुरुस्तीसाठी फीडर बंद करून लाइनमन खांबावर चढला असताना एखाद्या घरातून तारेत वीज येत राहिली, तर त्याचा जीव जाऊ शकतो. म्हणून ग्रीडचा पुरवठा खंडित होताच इन्व्हर्टर आपोआप अलग व्हावाच लागतो. त्यामुळे बॅटरी नसलेला साधा संच भर उन्हातही वीज गेली की बंद पडतो. ही गोष्ट ग्राहकाला संच घेण्यापूर्वीच स्पष्ट सांगितली गेली पाहिजे. हायब्रिड इन्व्हर्टर व बॅटरी असल्यास घर जाळ्यापासून तोडून आतला पुरवठा चालू ठेवता येतो.

किती वारंवारितेला अलग व्हायचे, हेही तितकेच नाजूक. जर्मनीत जुने इन्व्हर्टर ५०.२ हर्ट्झला सगळे एकदम तुटतील असे बसवले होते. सौरवीज वाढल्यावर हीच अट जाळ्याला धोक्याची ठरली आणि आधीच बसवलेल्या संचांत २०१२ पासून बदल करून घ्यावे लागले.

दुपारी घरातली मागणी कमी व निर्मिती जास्त असते. तेव्हा उलट्या प्रवाहाने व्होल्टेज चढते. यासाठी महाराष्ट्रात एका रोहित्रावरील संचांची एकूण क्षमता रोहित्राच्या क्षमतेच्या ४० टक्क्यांपर्यंत मर्यादित होती. २०१९ मध्ये ही मर्यादा ७० टक्के झाली. मर्यादा आवश्यक असली तरी हे माप ढोबळ आहे. दुपारची वीज संध्याकाळसाठी साठवणारे घर आणि सगळी बाहेर सोडणारे घर यांचा भार रोहित्रावर सारखा पडत नाही. साउथ ऑस्ट्रेलियात जाळ्याच्या त्या त्या वेळच्या स्थितीनुसार निर्यातीची मर्यादा बदलण्याची सोय आहे. बॅटरी वाढतील तशी आपल्याकडेही ती लागेल.

लहान संचांसाठी प्रक्रिया सोपी आहे: केंद्राच्या वीज ग्राहक हक्क नियमांतील २०२४ च्या दुरुस्तीनुसार १० किलोवॉटपर्यंतच्या संचांचे अर्ज तांत्रिक व्यवहार्यतेच्या तपासणीविना मंजूर मानले जातात.